भूगोलाला वीस पोरं

९ जून

कॉलेज उघडायच्या आधीच बैठक लागली. प्राचार्य सरांनी टेबलावर तालुक्याचा नकाशा पसरला होता. मी भूगोलाची, म्हणून मला उगाच वाटलं की आपल्याला काही विचारतील. विचारलं काही नाही, गावं वाटून दिली. प्रत्येकानं आपापल्या गावात घरोघर जायचं आणि बारावी झालेली पोरं आपल्या बी.ए.ला आणायची.

मग चहाचा घोट घेत म्हणाले, "भूगोल घेणारे वीस झाले नाहीत तर यंदा विषय बंद. माझा नाइलाज आहे, मॅडम."

साखर कमी टाका असं सांगावं तसं म्हणाले.

इतिहासाच्या रामहरी सरांना त्याचं काही नाही, ते कायम नोकरीत आहेत. मी तासिका तत्त्वावर. तास झाला तर मानधन, विषय बंद झाला तर घरी. एम.ए., बी.एड., नेट असूनही हे सहावं वर्ष.

घरी सिरसाळ्याला आल्यावर अप्पा दुकानात गिऱ्हाइकाला सांगत होते, "ही आमची शिवांजली. प्रोफेसर हाय कॉलेजात." गिऱ्हाईक तेलाचा डबा घ्यायला आलं होतं. त्यानं मला हात जोडले. मी आत पळाले.

११ जून

रामहरी सरांच्या गाडीवर मागं बसून दिवसभर हिंडले. कुठंही जा, आमच्या आधी दोन-तीन कॉलेजांचे सर येऊन गेलेले. एका दारात म्हातारीनं आम्हाला उभंच ठेवलं.

"काल एक सर आलते. पोराला बॅग आन येण्या-जाण्याचा पास देऊ म्हणले. तुमी काय देता?"

रामहरी सर म्हणाले, "आम्ही शिकवतो, आजी."

"त्ये सगळेच म्हणतेत," म्हातारी म्हणाली आणि आत गेली.

सर गाडीवर हसत होते. मलाही हसू आलं. आजचा आकडा शून्य.

१४ जून

आज एक चांगली मुलगी भेटली.

नदीच्या अंगाला धनगरांची सात-आठ घरं आहेत. तात्याबांचं घर कडेला. मेंढरं वाघरात, जाळीच्या कुंपणात होती, अंगणात लेंड्यांचा वास. तात्याबांनी बाज टाकली, कडूबाईंनी पाणी आणलं. त्यांची मुलगी योगिता दारातच उभी राहिली. बारावीला वर्गात पहिली आलेली. मी भूगोलाचे मार्क विचारले तर ते सगळ्यात जास्त. माझा जीव हरखला.

ती म्हणाली, "मॅडम, मी डिप्लोमाचा फारम भरलाय. जनावराच्या दवाखान्याचा. लातूरच्या पल्याड हाय संस्था. हॉस्टेल हाय."

"मग नंबर लागला का?"

"पहिल्या यादीत न्हाई लागला. आनखी याद्या निघतेत."

कडूबाई मध्येच बोलल्या, "येवढ्या लांब पोरगी कशी ठिवावी, बाई? तुमीच सांगा."

मी सांगितलं. खरं तेच सांगितलं. यादीत नाव लागेलच याचा भरवसा नसतो, वर्ष वाया जातं, बी.ए. घराजवळ होतं, शिवाय पदवी असली की सगळ्या स्पर्धा परीक्षांचं दार उघडं. हजेरीचा फार जाच नाही, घरचंही बघता येतं. हे शेवटचं कडूबाईंना फार पटलं.

योगितानं विचारलं, "पदवी झाल्यावर काय काम लागतं, मॅडम?"

"मी नाही का लागले?" मी म्हणाले.

तात्याबा म्हणाले, "आमाला ह्यातलं कळत न्हाई. तुमी शिकलेल्या बाई हाव, आमच्या पोरीवानी पोरी बघिटल्या असतील. तुमच्या शबुदावर टाकतो आमी तिला."

परत येताना रामहरी सर माजलगावच्या फाट्यावर म्हणाले, "मॅडम, त्या डिप्लोमाच्या पोरांना डेअरीवाले शिकतानाच उचलतात, असं ऐकलंय." मी म्हणाले, ऐकलेल्यावर काय विश्वास ठेवायचा. ते "हं" म्हणाले.

मुलगी हुशार आहे. घराजवळ राहील, डोळ्यांसमोर राहील. मी स्वतः लक्ष घालीन.

२२ जून

परळीकडून पाहुणे आले होते, मला बघायला. मुलाच्या मामांनी एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला, "म्हणजे परमनंट कधी होणार?" आईनं ताटात पुन्हा शिरा वाढला. अप्पा म्हणाले, "फाईल वर गेलेली हाय." फाईल कुठंही गेलेली नाही. अप्पा खोटं बोलत नाहीत. माझ्यासाठी बोलले.

पाहुणे गेल्यावर आई, म्हणजे मल्लम्मा, जिला गावात सगळे कडक समजतात, ती नुसती भांडी आवरत राहिली. काही बोलली असती तर बरं झालं असतं.

४ जुलै

योगितानं प्रवेश घेतला. तात्याबा स्वतः घेऊन आले होते, धुतलेलं धोतर, नवा फेटा. ऑफिसात हनुमान क्लार्कनं दाखला आणि मार्कमेमो ठेवून घेतले. मूळ कागद आमच्याकडेच राहतात, म्हणजे पोरं दुसरीकडे जात नाहीत. सगळीच कॉलेजं तसं करतात.

योगितानं विचारलं, "तिकडं नंबर लागला तर कागद भेटतेल ना?"

"भेटतील की," मी म्हणाले.

आता अठरा.

१९ जुलै

वीस झाले! शेवटची दोघं भाऊ आहेत, पोलीस भरतीची तयारी करतात, कॉलेजला येणार नाहीत असं आधीच सांगून ठेवलंय. चालेल. नाव आहे ना.

खूप दिवसांनी नीट जेवले.

५ ऑगस्ट

सकाळी तास संपवून बाहेर आले तर व्हरांड्यात योगिता, धावत आल्यासारखी.

"मॅडम, लागला! डिप्लोमाला नंबर लागला. रिकाम्या जागेवर घ्यायलेत. उद्या सांजच्यापर्यंत मूळ कागद घिऊन हजर व्हा म्हणलेत. दादा गाडी बघायलेत." ती बापाला दादा म्हणते. तिनं मोबाईलवरचा निरोप दाखवला. 

मी म्हणाले, अभिनंदन. ऑफिसात अर्ज दे.

ती गेली आणि मी स्टाफरूममध्ये येऊन बसले. एकोणीस. विद्यापीठाला आकडा या आठवड्यात जाणार आहे. एकोणीस म्हणजे बंद. आता ऑगस्टात मी कुणाच्या दारात जाऊ? दुसऱ्या कॉलेजांच्याही जागा भरल्यात. अप्पांना काय सांगू? परळीच्या लोकांचा निरोप अजून यायचाय.

पण मी हा विचार माझ्यासाठी करत नव्हते. तिच्या बाजूनंही बघायला हवं. लांबचं गाव, अनोळखी हॉस्टेल. घाईत घेतलेले निर्णय चुकतात. आणि प्रवेश रद्द करायचा तर प्राचार्यांची सही लागतेच, तो नियम आहे, आणि प्राचार्य आज बीडला. म्हणून मी हनुमानला फोन करून एवढंच सांगितलं की सर आल्याशिवाय काही करू नका, उद्या बघू. यात चुकीचं काही नाही.

योगिता पुन्हा आली तेव्हा मी तिला समजावलं, "एक रात्र विचार कर. उद्या सकाळी ये."

ती "बरं मॅडम," म्हणाली.

६ ऑगस्ट

आज सुटी टाकली. आईला बीडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंच होतं, कधीपासून राहिलं होतं. दवाखान्यात फोन आवाज बंद करून ठेवावा लागतो.

७ ऑगस्ट

योगिताचे फोन येऊन गेलेले दिसले. मी लावला तर कडूबाईंनी उचलला. म्हणाल्या, "मुदत गेली, बाई. साहेब दुपारनंतर आले म्हणं तुमचे. जाऊ द्या, जवळच शिकंल आता. तुमी हाव की."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण कडूबाईंचा आवाज मोकळा वाटला, आईचा जीव शेवटी. सगळ्या गोष्टी आपल्या हातात नसतात.

१ सप्टेंबर

आकडा मंजूर झाला. विषय वाचला. माझा आदेशही निघाला, पुन्हा तासिकाच, पण निघाला. अप्पांनी दुकानात सगळ्यांना पेढे वाटले.

वर्गात आज सात जण होते. योगिता पहिल्या बाकावर. नद्यांच्या खननाचा धडा घेतला. बाकीची पोरं मोबाईलमध्ये, ती एकटी लिहून घेत होती. मी तिच्याकडेच बघून शिकवलं. तास संपल्यावर म्हणाले, "काही अडलं तर विचार हं." ती म्हणाली, "न्हाई मॅडम, अडत न्हाई."

२५ सप्टेंबर

वर्गात तिघंच. योगिता आठवडाभर नाही. पावसात वस्तीचा रस्ता गेला असेल.

१६ ऑक्टोबर

आज जे बघितलं ते कसं लिहावं कळत नाही.

दिवाळीला आईसाठी साडी घ्यायला माजलगावला गेले. बाजारपेठेत नवीन मोठं दुकान झालंय, काचेचं. दारावर पाटी: 'विक्रीसाठी मुली पाहिजेत. पदवीधर किंवा पदवीच्या वर्गात शिकणाऱ्या असाव्यात.' मी दोनदा वाचली.

आत गेले तर काउंटरवर वर्षाराणी. माझी पहिल्या तुकडीची विद्यार्थिनी, पुढं एम.ए. भूगोल, विषयात विद्यापीठात पहिली. तिच्या सत्काराचं भाषण मी केलं होतं. दुकानाचा निळा कोट घालून ती गादीवर बसली होती.

"या मॅडम!" ती मनापासून हसली. "काठपदर दाखवू का सिल्क?"

मला वाटलं होतं ती पुण्याला आहे.

"पुण्याला पण हेच करत होते," ती म्हणाली, "तिथं खोलीचं भाडं जायचं. इथं घरी राहते."

आणि तिच्या मागं, पायाच्या बोटांवर उभी राहून वरच्या फळीवर साड्यांची थप्पी लावत होती योगिता. तसाच निळा कोट. माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, कॉलेजला कुणीच नसतंय. एका दिवशी मी आन तुमीच होतो. वर्षाताई म्हणल्या, बी.ए.ला नाव हाय ना, मग ये. आत्ता बारावीवाल्या पोरीला घेत न्हाईत इथं."

मालक पुढं आले. मी प्रोफेसर आहे कळल्यावर खुर्ची दिली, थंडा मागवला. "मॅडम, आम्ही सगळ्या शिकलेल्याच पोरी ठेवतो. गिऱ्हाइकाशी बोलायला बऱ्या पडतात. आणि एकीला काढली तर दहा उभ्याच असतात. तुमच्या कॉलेजच्या अजून पाठवा की."

मी हो म्हणाले. का म्हणाले?

साडी घेतली. आईला रंग आवडला नाही, पण तिनं तसं सांगितलं नाही.

३ नोव्हेंबर

दुकानाचं रामहरी सरांना सांगितलं, त्यांच्याकडून ते प्राचार्यांना कळलं. आज त्यांनी बोलावून घेतलं. मला वाटलं रागावतील. ते खुश होते.

"मॅडम, ही तर बातमी आहे! आपल्या विद्यार्थिनींना शिकता शिकता रोजगार. पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकात पहिल्या पानावर टाकू. जुनी एक, नवी एक, दोघींचा हसरा फोटो काढून आणा. तुमच्याच विषयाच्या आहेत, तुम्हाला पुढच्या वर्षी वीस गोळा करायला त्रास होणार नाही."

रामहरी सर खिडकीबाहेर बघत होते.

आई आणि अप्पा कपिलधारला यात्रेला गेलेत. घरात एकटी आहे. आदेशाची मुदत मार्चपर्यंत आहे. जूनमध्ये पुन्हा तीच गावं, तीच दारं. फोटो असला तर दारात दाखवायला काहीतरी असेल, हेही खरं.

६ नोव्हेंबर

दुपारी दुकानात गेले. गर्दी नव्हती. मालकांना हौस, त्यांनी दोघींना मधोमध उभं केलं, मागं पैठण्या सोडायला लावल्या. वर्षाराणी चटकन हसली, तिला सवय झालीय. योगितानं ओढणी सारखी केली.

मी मोबाईल धरला आणि बटण दाबवेना. मी म्हणाले, "योगिता, तुला नको असेल तर राहू दे."

"काढा की मॅडम," ती म्हणाली. रागानं नाही. गिऱ्हाइकाशी बोलावं तशा आवाजात. "तुमचं काम अडायला नको. त्या दिशी हनुमानभाऊनं दाखला कपाटातून काढला होता, माझ्या हातात दिलता. साहेबाची सही आल्यावर घिऊ म्हणले, तू नीघ. तेवढ्यात तुमचा फोन आला. त्यांनी माझ्या हातातनं परत घेतला. तेव्हाबी मी काय म्हणलं का?"

वर्षाराणीचं हसू तसंच राहिलं, फोटोसाठी धरलेलं.

मी विचारलं, "दादांना सांगितलंस?"

"कावून सांगावं? त्यांनी तुमच्या शबुदावर टाकलं होतं मला. त्यांना काय वाटलं असतं."

मी फोटो काढला नाही. मोबाईल पर्समध्ये टाकला आणि बाहेर आले. बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, तब्येत बरी नाही का. मी म्हणाले, ऊन लागलं. नोव्हेंबरात.

७ नोव्हेंबर

हनुमानला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या विषयाचं होतं म्हणून मी घेतला परत. मला वाटलं तुमाला तसंच पाहिजे." मग मान खाली घालून म्हणाला, "तसंच पाहिजे होतं ना?"

मी हो म्हणाले.

१० नोव्हेंबर

सकाळी प्राचार्यांना सांगितलं, फोटो मिळणार नाही. आणि योगिताचा प्रवेश रद्द करून कागद परत द्यायचे आहेत, तिचा ऑगस्टमधला अर्ज ऑफिसात पडून आहे, त्यावर सही करा.

ते म्हणाले, "तुम्हाला कळतंय ना? वर्षाच्या मध्ये एक कमी झाला की पुढच्या आदेशाचं मी काही सांगू शकत नाही."

"कळतंय, सर."

 त्यांनी सही केली. त्यांना वाटलं असावं, ही बाई रडेल आता. रडले नाही, सरळ ऑफिसात जाऊन कागद मागितले. अप्पांना काय सांगायचं ते अजून ठरत नाही.

दाखला आणि मार्कमेमो घेऊन तशीच माजलगावला गेले. योगितापुढं गिऱ्हाईक होतं, लग्नाचा बस्ता, पाच-सहा बायका. मी कागद पुढं केले तर ती म्हणाली, "ठिवा तिथं, मॅडम. गिऱ्हाईक हाय."

मी स्टुलावर बसले. तिनं साडीमागून साडी उलगडली, पदर खांद्यावर टाकून दाखवला, रंग कसा धुण्यात टिकतो ते सांगितलं. बायकांनी सगळं बघितलं आणि उद्या येतो म्हणून निघून गेल्या. ती एकेक साडी घडी घालून जाग्यावर ठेवू लागली. मी मदतीला उठले तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, घडी चुकंल."

शेवटी ती आली. दाखला वरपासून खालपर्यंत वाचला, बोट ठेवून. नाव, बापाचं नाव, जन्मतारीख.

"बरोबर हाय," म्हणाली.

"पुढच्या वर्षी पुन्हा भरता येतो," मी म्हणाले. "मी त्या संस्थेत फोन करून विचारलं. वयाची अडचण नाही."

"मला म्हाईत हाय. मीबी विचारलं होतं, सप्टेंबरात." तिनं कागद दुमडू नये म्हणून साडीच्या रिकाम्या खोक्यात सपाट ठेवले. "पर आई-दादा मेंढरं घिऊन गोदाकडं गेलेत. त्यांनी पुन्हा न्हाई म्हणलं तर? आईचं मन तुमच्या बोलण्यानंच बसलं होतं. तुमालाच उठवावं लागंल."

"मी येईन. त्यांच्या तळावर येईन. खरं काय झालं तेही सांगीन."

तिनं खोक्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "आन फारम सुटल्यावर? हॉस्टेलपर्यंत?"

"तिथपर्यंत."

"तुमी आधीबी हो म्हणल्या होत्या, मॅडम. कुठंतरी लिहून ठिवा."

दारातून नवं गिऱ्हाईक आत आलं आणि ती ओढणी सारखी करून उठली.

मेंढरं परत यायच्या आधी, गोदाकाठच्या तळावर जाऊन तात्याबा आणि कडूबाईंना सांगायचं. फॉर्म सुटले की योगितासोबत जायचं. लिहून ठेवलं.